मास्तर, तुमच्या वाटेवरचं गवत

पहिलंच सांगून टाकतो. ह्या लेखात पोकळी नाय. ती कधीही भरून निघणार नाय असंही मी म्हणणार नाय. 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'अजातशत्रू' हे शब्द शोधत जे कोण वाचायला बसलेत त्यांनी वाचन थांबवून नाक्यावरचा फलक बघून यावा. तिथं सगळं हाय. तुमचा फोटो हाय मास्तर, मतदार कार्डावरनं मोठा केलेला, त्यामुळं जिवंत असतानाच तुम्ही गेल्यासारखे दिसताय. आणि तुमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात शोकाकुलांची नावं हायत. शोकाकुलांत पहिले अण्णा. गॉगल लावून.

आणखी एक. गावात मला नकलाकार म्हणून ओळखतात, म्हणून कोणाला वाटेल की इथं गंमतजंमत असणार, अण्णांचा आवाज, एसटी स्टँडवरच्या बाईचा आवाज. तेही नाय. हा लेख मी माझ्या आवाजात लिहितोय. सवय नसल्यामुळं घसा जरा बसल्यासारखा वाटेल.

अजातशत्रू तर तुम्ही अजिबात नव्हतात. अख्खी ग्रामपंचायत तुम्हाला बघून मागच्या दारानं जायची. पंचायतीला मागचं दार नव्हतं, ते तुम्ही रिटायर झाल्यावर पाडलान, असं लोक म्हणतात. मी पण म्हणतो.

बाहेरच्यांना वाटेल मास्तर म्हणजे शाळेतले. नव्हेत. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. महाड, पोलादपूर, कापडे, ह्या पट्ट्यात तुम्ही तीस वर्षं तिकिटं फाडलीत आणि रिटायर झाल्यावर अख्खं गाव तुमची गाडी झाली. ग्रामसभेत कोण दारात घोळका करून उभं राहिलं की तुम्ही ओरडायचात, "आत सरका, आत जागा हाय, दारात काय प्रसाद वाटतायत काय?" कोण लांबण लावून बोललं की, "सुट्टं बोला. मोठी नोट काढू नका." म्हणजे हो की नाय, तेवढंच सांगा. आपल्या गावात तेवढंच सांगणारा माणूस मी अजून बघितलेला नाय.

तुमची नक्कल मी पहिल्यांदा केली ती गणपतीत, मंडळाच्या स्टेजवर. लोक हसून हसून खुर्च्यांवरनं पडले. तुम्ही पहिल्या रांगेत, चेहरा असा की समोर सुट्टे नसलेला प्रवासी. कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागं आलात. मला वाटलं आता कानफटात बसणार.

"सच्या, तिकिटाचा पंच खांबावर किती वेळा आपटलास?"

"तीनदा."

"दोनदा आपटतात. तीनदा नवशिका आपटतो. उद्यापासून दोनदा."

एवढंच बोललात. तेव्हापासून मी दोनदा आपटतो.

मग ती घंटागाडी आली. कचऱ्याचा टेम्पो. घरटी दोन डबे वाटले, हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. अण्णांनी मला बोलावून घेतलं. अण्णा म्हणजे आमच्या सरपंचताईंचे यजमान. निवडून ताई आल्यात, बोलतात अण्णा. ताई शेजारी बसून पदर सारखा करतात. अण्णा म्हणाले, "स्टँडवर ती बाई बोलते ना, तशा आवाजात रेकॉर्ड करून दे. जरा शहरासारखं वाटलं पाहिजे." मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना शटर अर्धं ओढून रेकॉर्ड केलं. नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात टाकून सहकार्य करावे. धन्यवाद.

मी फेमस झालो. वरंधला मावशीकडं गेलो तरी लोक म्हणायचे, कचरेवाली बाई आली.

आणि डबे? हिरव्या डब्यात लोकांनी तांदूळ भरून ठेवले, उंदीर लागत नाय म्हणून. निळ्यात आंघोळीचं पाणी साठवतात. उपसरपंचांच्या घरी एका लग्नात सांबार निळ्या डब्यातनं वाढलेलं मी स्वतः खाल्लंय. चव चांगली होती. अख्ख्या गावात दोन डब्यांत दोन कचरे भरणारं एकच घर होतं, तुमचं. काकी तर दुधाची पिशवी धुऊन, दोरीवर चिमट्यानं वाळवून मग निळ्या डब्यात टाकायची. शेजारीण विचारायची, "गो, पिशव्या कसल्या वाळत घातल्यास? पापड कर की त्यापेक्षा."

एक दिवस तुम्ही मला दुकानातनं उठवलंत आणि स्कूटरवर बसवून टेम्पोच्या मागं नेलंत. टेम्पो पुढं, माझा आवाज पुढं, आपण मागं. गावाबाहेर, ओढ्याच्या काठावर टेम्पो थांबला. मागची फळी उघडली आणि ओला, सुका, काकीच्या धुतलेल्या पिशव्या, सगळं एका ढिगात. टेम्पोवाल्यानं भोंगा बंद केलेला नव्हता. ढीग पडत होता आणि वरनं बाई सांगत होती, सहकार्य करावे, धन्यवाद.

"हे कोण बोलतंय?" तुम्ही विचारलंत.

"मी."

"मग तू खोटं बोलतोस."

"मी कुठं? मी फक्त आवाज दिलाय. वेगळा करा म्हणणं माझं काम, वेगळा ठेवणं त्यांचं."

"आवाज तुझा ना?"

"मास्तर, तुम्ही तिकीट फाडायचात. गाडी वेळेवर पोचवायची जबाबदारी काय तुमची होती काय? ती डायवरची."

"पॅसेंजर शिव्या कोणाला घालायचा? डायवर काचेच्या पलीकडं. समोर मी. ज्याचा आवाज ऐकू येतो त्याचीच गाडी असते, सच्या."

ह्यावर मी काहीतरी मोठं उत्तर द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात तुम्ही स्कूटर चालू केलीत. तो वाद तिथंच, ओढ्यावर राहिलाय. नंतर मी चांगली चांगली उत्तरं जमवलीत. आता कोणाला देऊ?

पण तुमचा खरा कज्जा कचऱ्याचा नव्हता. गवताचा होता. तोही कुठल्या गवताचा? शाळेच्या नाय, देवळाच्या नाय. स्मशानाच्या वाटेवरच्या.

डांबरी रस्ता सोडून त्याच्या खालच्या मोरीपासनं नदीकडं जी पायवाट उतरते, तिच्यावर पावसाळ्यात गवत माणसाच्या छातीला लागतं. आणि आमच्या गावची एक रीत हाय. ती वाट आधी कापायची नाय. कोण गेलं की मगच, मयत उचलल्यावर, चारजण कोयते घेऊन तिरडीच्या पुढं धावतात. ते कापत जातात, मागनं खांदेकरी. का? तर वाट मोकळी केली की वाट माणूस मागते. कोणी सांगितलान, कधी सांगितलान, ठाऊक नाय. आपल्याकडं एवढी माणसं शिकली, महाडच्या एमायडीशीत कामाला लागली, गावच्या ग्रुपवर सकाळी सकाळी सुविचार टाकायला लागली, पण वाट माणूस मागते.

दोन वर्षांमागच्या श्रावणात धोंडीआजी गेली. पाऊस धो धो. पुढच्या चौघांचे कोयते बोथट, गवत ओलं, त्यात एकजण ओरडला, फुरसं, फुरसं, आणि चौघं चार दिशांना पळाले. खांद्यावर आजी घेऊन मागचे उभे, पुढं गवताची भिंत. पुढच्या डाव्या बाजूला तुम्ही होतात. तुमचा पाय सरकला. विसावा एकदाच असतो मास्तर, अर्ध्या वाटेवर दगडाशी. आजीला त्या दिवशी तीन विसावे झाले, दोन चिखलात. जन्मभर जी बाई चटईवर सुद्धा झटकल्याशिवाय बसली नाय, तिला आपण चिखलात टेकवली. सापबिप काय नव्हता. दोरीचा तुकडा होता.

तेव्हापासून प्रत्येक ग्रामसभेत विषय क्रमांक चार: स्मशानाकडे जाणाऱ्या पायवाटेवरील गवत पावसाळ्यात नियमित कापणेबाबत. सूचक, तुम्ही. आणि प्रत्येक सभेच्या शेवटी आमचे ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, सुंदर अक्षरात लिहायचे, सविस्तर चर्चेअंती विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले. सविस्तर चर्चा कशी असायची ते मी लोकांना खूपदा करून दाखवलंय, चारही आवाजांत. इथं नुसती लिहितो.

अण्णा म्हणायचे, "मास्तर, तुमच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण हा गावाच्या भावनेचा प्रश्न आहे."

तुम्ही म्हणायचात, "सुट्टं बोला. कापणार की नाय?"

मग भिकूतात्या उठायचे. वय ऐंशीच्या पुढं, गावातल्या सगळ्या रीती त्यांच्याकडं असतात. "मास्तर, वाट मोकळी केलान की ती माणूस मागते. माझ्या बापानं सांगितलान."

"तात्या, माझ्या गाडीत सीट रिकामी असायची म्हणून मी रस्त्यानं चाललेल्या माणसाला कधी आत ओढलं काय?"

लोक हसायचे. हसले की संपलं. आपल्या गावात हसणं म्हणजे ठराव मंजूर झाल्यासारखं असतं, त्यानंतर कोण काय करत नाय.

शेवटी तुमची कटकट बंद व्हावी म्हणून पंचायतीनं गवत कापायचं यंत्र आणलं. पाठीला अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं, नारंगी रंगाचं. आता पुढचा पेच. नव्या यंत्राचा नारळ फोडायला नको? आणि पहिला नारळ स्मशानाच्या वाटेवर कोण फोडणार? अशुभ. मग आधी देवळाचं आवार कापून शुभारंभ करायचा ठरला. तर देवळाचं गवत बायांनी विळ्यानं कधीच काढून टाकलेलं. मग शाळेचं मैदान. तिथं गुरं चरून गेलेली. सगळे नारळ हातात धरून गावभर फिरले, शुभ गवत कुठं मिळेना. शेवटी यंत्र पंचायतीच्या हॉलमध्ये दाराजवळ कोपऱ्यात उभं केलं. दसऱ्याला त्याची पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूची माळ. पात्यावरचं प्लास्टिकचं कव्हर अजून फाडलेलं नाय. तुम्ही त्याला हात जोडून म्हणालात, "आमच्या डेपोत अशी एक गाडी होती. रोज धुवायचे. इंजिन नव्हतं."

आता जे सांगायचंय ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाय.

यंदा गणपतीच्या आधी तुम्ही घरातला विळा घेऊन निघालात. माझ्या घरावरनंच. हाक मारलीत, "सच्या, चल. दोघं मिळून दोन सकाळींत होईल."

मी म्हटलं, "महाडला जायचंय मास्तर, गिऱ्हाईक थांबलंय."

दुकान दहाला उघडतं. तुम्ही हाक मारलीत तेव्हा सात वाजले होते. तुम्हाला ते ठाऊक होतं, कारण माझ्या दुकानाची वेळ तुम्हीच पाटीवर लिहिली होतीत, माझं अक्षर घाण म्हणून. तरी तुम्ही नुसती मान हलवलीत आणि गेलात.

मी घाबरलो होतो. स्टेजवर भगताची नक्कल करतो, अंगात आल्यासारखा घुमून दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात. आणि पायवाटेवरचं गवत कापायला माझे पाय गेले नाय. तात्यांना तरी त्यांच्या बापानं सांगितलान. मला कोणीच सांगितलेलं नाय, तरी मी भ्यायलो.

आणि भ्यालेला माणूस जे करतो ते केलं. मागनं मोरीपर्यंत आलो, डांबरीवरच उभा राहिलो आणि स्टँडवरच्या बाईच्या आवाजात चालू झालो. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मोरीहून नदीकडे जाणारी विनाथांबा गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.

तुम्ही खाली वाकलेले होतात. वर न बघता म्हणालात, "एकच तिकीट गेलंय रे. बाकी गाडी रिकामी. येतोस?"

मी हसलो. तुम्ही पण हसलात. दोन सकाळी तुम्ही एकट्यानं ती वाट कापलीत, मोरीपासनं दगडापर्यंत आणि दगडापासनं नदीपर्यंत, आणि कापलेलं गवत बाजूला नीट पेंढ्या बांधून ठेवलंत, जसं काय कोण मोजायला येणार हाय.

गौरी गेल्या आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. सकाळी, चहा व्हायच्या आत. दारात दोन डबे काढून ठेवलेले, हिरवा आणि निळा. काकीची पहिली हाक माझ्या आईनं ऐकली, मग मी धावलो. तुम्ही आत आडवे. काकी तुमचे पाय चोळत होती, उगीच. आणि बाहेर टेम्पो आला. बाई बोलली, नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. टेम्पोवाल्याला काय ठाऊक? त्यानं दोन्ही डबे उचलले, दोन्ही एकात ओतले, रिकामे डबे परत दारात ठेवले आणि पुढं गेला. धन्यवाद.

माझा आवाज मला एवढा घाण कधी वाटला नव्हता.

तुमची मयत मस्त गेली मास्तर. 'मस्त' म्हटल्याबद्दल कोणाला राग येईल तर येऊ दे. पाऊस होता, तरी कोणाचा पाय घसरला नाय. कोयतेवाले नुसते हात हलवत पुढं चालले होते. वाटेवर कोवळं गवत आलेलं, पावलाएवढं, गालिचा घातल्यासारखं. एकच विसावा झाला, दगडाशी. आणि त्या साफ वाटेवरनं, चपला खराब न करता, आरामात चालता चालता लोक काय बोलत होते सांगू?

"बघितलास? घेतलान की नाय वाटेनं?"

"कापणाराच घेतलान. पंधरा दिवस नाय झाले."

"सांगत होते तात्या."

तुम्ही कापलेल्या वाटेवर उभं राहून बोलत होते. माझ्या पुढं दोघं, मागं तिघं. मी खांदेकरी होतो, पुढच्या डाव्या बाजूला. माझ्या डोक्यात एकच चाललेलं, एकच तिकीट गेलंय रे. गाडी सुटायची घोषणा मी केली होती.

त्यानंतरची ग्रामसभा गांधी जयंतीची. आजवर आपल्या सभेला माणसं पुरी भरली नाय म्हणून ती तहकूब व्हायची आणि आठवड्यानं दहावीस टाळकी जमून उरकायची. ह्या वेळी हॉल भरला. गणपूर्ती झाली मास्तर, तुमच्या दुखवट्याला. चहाबरोबर बटाटेवडे पण होते, त्यामुळं नक्की श्रेय कोणाला द्यावं ते कळत नाय.

अण्णा बोलले. तुम्ही चालतंबोलतं विद्यापीठ होतात, असं कळलं. तुमचं मार्गदर्शन त्यांना वेळोवेळी लाभलं, असंही कळलं. मग दोन मिनिटं स्तब्धता. मी मोबाइलवर बघितलं, पन्नास सेकंदांत खुर्च्या वाजल्या. तेवढ्यात पण दोघांचे फोन वाजून गेले.

मग विषय क्रमांक चार. अण्णांनी आवाज खाली आणला. "मंडळी, मास्तरांच्या बाबतीत जे झालं ते आपण पाहिलं. मी अंधश्रद्धा मानत नाही. पण गावाची भावना आहे. त्यांच्या आत्म्याला शांती म्हणून हा विषय आपण कायमचा रद्द करू."

म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी भांडलात ते तुमच्याच नावानं पुरायचं. वरनं आत्म्याला शांती. भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. तात्या मान हलवत होते. काकी बायांच्या घोळक्यात मागं, भिंतीला टेकून बसलेली. मी दारात, त्या नारंगी यंत्राच्या बाजूला, आणि हातात स्कूटरची किल्ली.

मी ठरवलं नव्हतं. किल्ली यंत्राच्या पाइपावर आपटली गेली. टक टक. दोनदा.

"आत सरका. आत जागा हाय, दारात काय प्रसाद वाटतायत काय?"

हॉल हसला. नेहमीचं हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले, कारण आवाज कोणाचा ते सगळ्यांना एकदम कळलं.

मी तुमच्याच आवाजात पुढं गेलो. "अण्णा, सुट्टं बोला. मी वाटेनं मेलो काय? दोन वर्षं ब्लड प्रेशरची गोळी खिडकीतनं बाहेर टाकत होतो, घरी विचारा. तात्या, तुमचं बोला. वाट मोकळी केली की माणूस मागते ना? मग धोंडीआजी गेली तेव्हा वाट मोकळी होती काय? छातीएवढं गवत होतं. तिला कोणी मागितलान? तिला तर तुम्ही चिखलात दोनदा उतरवलीत. माझ्या मयतीला एकाचा तरी पाय घसरला काय? घसरला असेल त्यानं हात वर करा."

कोणी हात वर केला नाय. भिकूतात्या टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. हळूच म्हणाले, "आवाज तोच हाय रे."

आणि तेव्हा जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतंत. सरपंचताई बोलल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊसाहेब, लिहा. पायवाट दरवर्षी गणपतीच्या आधी कापायची. कोणी गेलेलं नसताना."

अण्णा म्हणाले, "अगं..."

"लिहा हो."

भाऊसाहेबांनी लिहिलं. मग वर बघून विचारलं, "सूचक कोण? ताई अध्यक्ष आहेत, त्यांना होता येणार नाही. सूचकाचं नाव लागेल."

कोणाच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत होतं. आधीच्या सूचकाचं काय झालं ते सगळ्यांनी खांद्यावर वाहिलं होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उभा होतोच.

आणि मी, मास्तर, तुमच्याच आवाजात सांगितलं, "लिहा, मास्तर."

भाऊसाहेब चष्म्याच्या वरनं बघून म्हणाले, "मयत व्यक्तीला सूचक करता येत नाही."

मी खाली बसलो. काय सांगू? तुमचा आवाज संपला आणि आत बघितलं तर दुसरा काय नव्हताच. अण्णा खाकरले, वडे गार होतायत म्हणाले. भाऊसाहेबांनी सूचकापुढं जागा कोरी सोडली. म्हणाले, पाचपर्यंत मी ऑफिसात आहे, कोणी नाव दिलं तर ठराव, नाहीतर विषय पुढील सभेत.

बाहेर लोकांनी माझी पाठ थोपटली. काय आवाज काढलास, हुबेहूब, अंगावर काटा आला. मी पण फुगलो. वाटलं, काकीकडं जाऊ. तिला बरं वाटेल. तुमचा आवाज ऐकून रडली बिडली असेल, तर समजूत घालू. चार वाजून गेले होते.

काकी ओटीवर बसून दुधाच्या पिशव्या धूत होती. माझ्याकडं बघितलंन पण नाय.

मी म्हटलं, "काकी, कसं वाटलं?"

"बस खाली," ती म्हणाली. मी बसलो. "गोळ्या फेकायचे ते मी तुझ्याजवळ बोलले ते गावाला सांगायला काय? घरातलं होतं ते. आता उद्या येतील सगळ्या, गो तुला कळलं कसं नाय म्हणून विचारायला."

"चुकलं काकी."

"गप. अजून मी बोलत हाय. तीस वर्षं त्यांनी ड्युटी केलानी. रिटायर झाले तरी पंचायतीची ड्युटी केलानी, गवताची केलानी. मेले. म्हटलं आता तरी निवांत पडतील. तर तू त्यांना परत उभं केलास, भर सभेत. मेल्या माणसाला डबल ड्युटी लावलास. आणि नाव द्यायची वेळ आली तर परत त्यांचंच नाव पुढं ढकललास. तू कशाला होतास मग तिथं? वडे खायला?"

मी खाली बघितलं.

"त्या सकाळी तुला हाक मारलानी ती मी ऐकली होती. तू गिऱ्हाईक म्हणालास ते पण ऐकलं. घरी आले ते हसत आले. म्हणाले, पोरगं भ्यालं, पण मोरीपर्यंत आलं. पुढच्या वर्षी खाली उतरेल. एवढा भरवसा होता माणसाला. आणि तू बसलास खाली."

पिशवीतलं पाणी तिनं झटकलंन, ते माझ्या तोंडावर उडालं. मला वाटतं मुद्दाम.

"वाट माणूस मागते म्हणे. मागू दे. माझं नाव मागं लाव, अनुमोदक म्हणून, मागू दे दोघांना. ऊठ. पाचाला तो पेन खिशाला लावून निघून जाईल. आणि नाव सांगशील ते तुझ्या आवाजात सांग मेल्या. त्या भाऊसाहेबाला ऐकू दे एकदा, कसा हाय तो. मला पण ठाऊक नाय."